विहिरीवरचं घर

आबा, वहिनी माझ्याकडे सिन्नरला येऊन राहिली आहे. अंगणात घसरून पाय मोडला तिचा. दादा तर केव्हाच गेला, मुलगा-सून पुण्याला नोकरीवर, तेव्हा कोणी काही ठरवायच्या आत तिनेच सांगून टाकलं, मी वन्संकडे जाते. मला कोणी विचारलं नाही. दोघांनी धरून तिला आत आणलं, मधल्या खोलीतल्या खाटेवर निजवलं, आणि पडल्यापडल्या वर बघून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या स्लॅबले ओल शे." मला ते ठाऊक होतं. कोपऱ्यात पिवळा डाग पडला आहे, पावसाळ्याआधी वर डांबर टाकून घ्यायचं आहे, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं. पण तिने आल्याआल्या म्हटलं आणि त्या डागाची मालकीण ती झाली.

तेव्हापासून ती तुमच्याबद्दल बोलते. सकाळी चहा दिला की सुरुवात. मामंजी असं म्हणायचे, मामंजींना हे खपायचं नाही, मामंजी आणि मी एकदा भर उन्हात आडगाव नाक्यापर्यंत चालत कौलं बघायला गेलो. मी भाजी निवडत ऐकते. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता वयाने मोठी आहे, नातवंडांची लग्नं झाली, तरी ती "मामंजी आणि मी" म्हणाली की मला तेव्हासारखंच टोचतं. म्हणून आज दुपारी ती झोपली असं बघून लिहायला बसले. तुम्ही मला शाळेत घातलंत ते अशा कामाला उपयोगी पडावं म्हणून नक्कीच नव्हे.

आई गेली तेव्हा मी चुलीशी बसू लागले आणि तुम्ही संध्याकाळी कामावरून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसू लागलात. तुम्ही एका कंत्राटदाराकडे मुकादम होतात. दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधून घ्यायचात आणि संध्याकाळी स्वतःच्या घरांचा विचार करायचात. आपलं राहतं घर साधंच होतं, पण भद्रकालीच्या मागच्या गल्लीत तुम्ही ती पहिली चाळ घेतली होतीत, पुराचं पाणी छातीपर्यंत चढून गेलेली, जिच्या भिंतीवर चिखलाची रेघ तशीच राहिली होती आणि म्हणून कोणी घेत नव्हतं. तुम्ही गिलावा खरवडून काढलात, बैलाच्या घाणीवर चुना मळून घेतलात, वासे बदललेत, आणि भाडेकरू बसवलेत. मग ती चाळ गहाण टाकून दुसरी घेतलीत. मी भाकरी थापत असायची आणि तुम्ही सांगत असायचात. भाड्यातून व्याज आणि हप्ता सुटला पाहिजे, पण तेवढ्यावर खूष होणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यात बुडतो, कारण कौलं फुटतात, दारं कुजतात, एखादी खोली रिकामी पडते. त्यासाठी बाजूला काढून ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. घर बघायला जायचं ते भर दुपारी, आत उभं राहून वर बघायचं, कौलांतून उजेड कुठे येतो ते मोजायचं. मग खाली बघायचं, जोत्याशी पांढरा खार फुलला आहे का. मधलं काही बघायचं नाही, मधलं सगळं विकणारा रंगवून ठेवतो.

मी हे सगळं गिळून घेतलं. रविवारी तुम्ही मला बरोबर न्यायचात. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा माझ्या हातात धरायला द्यायचात. मी खूप लहान असताना एकदा तुमच्या हाताखालच्या गवंडीचाचांसमोर मोठ्याने म्हणाले होते, आबा, ही भिंत वाकडी आहे. चाचा हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी येताना वाटेत म्हणालात, "चारचौघांत बाईमाणसाने असं ओरडून बोलू नये. काही दिसलं तर जवळ येऊन मला सांग." तेव्हापासून मी जवळ येऊन सांगू लागले. तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं, आबा माझ्याशी बोलतात कारण मला कळतं. त्या स्वयंपाकघरात तुम्हाला ऐकायला कोणीही चाललं असतं, असं त्या वयात मनात येत नाही.

नाशिकरोडला सरकारी छापखाना आला आणि दादा तिथे लागला. त्याला आपल्या खोल्यांत रस नव्हता, त्याला कामावरून येऊन तबला वाजवायचा असायचा. सिंहस्थ होऊन गेला त्याच्या पुढच्या लग्नसराईत तुम्ही एकाच मांडवात दोन्ही कार्यं उरकलीत. मी सिन्नरला विडीच्या वखारीतल्या कारकुनाच्या घरी गेले आणि देवळ्याच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी आपल्या घरी आली. मी ज्या टांग्यातून मोटारस्टँडवर गेले तोच टांगा तिचं सामान घेऊन परत आला. हे मला दादानेच नंतर हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीला मी आले तर स्वयंपाकघरात ती, आणि उंबऱ्यावर तुम्ही. माझी बसायची जागा कोणती हे मला कळेना म्हणून मी मधल्या दारात उभी राहिले. तुम्ही तिसरी चाळ घ्यायला निघाला होतात, वडाळा नाक्याच्या अलीकडची, आणि खोल्या कशा पाडायच्या ते तिला सांगत होतात. ती कांदा चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "माले नही पटत, मामंजी."

मी दचकले. आपल्या घरात तुम्हाला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"काय नाही पटत?" तुम्ही म्हणालात.

"खोलीत मोरी कुठे शे?"

"मोरी बाहेर. सगळ्यांना मिळून एक."

"मग ती खोली कसानी? गोठा शे तो. पावसात बाईने भांडी घेऊन बाहेर जायचं? अंघोळ कुठे करायची तिने, पहाटे अंधारात सगळ्यांच्या आधी?" असं म्हणून ती परत कांदा चिरू लागली. "मी नही राहणार अशा खोलीत. तुम्ही देणार कोणाला?"

तुम्ही चिडाल म्हणून मी वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, प्रत्येक खोलीत मोरी म्हणजे फरशी आली, उतार आला, मागे गटार आलं, खर्च किती वाढतो ठाऊक आहे का. ती म्हणाली, भाडंही वाढवा. छापखान्यातली माणसं बायकामुलं आणायला बघतात, त्यांना पगार वेळेवर मिळतो, देतील. तासभर तुमची जुंपली. जेवण निवलं. आणि त्या तासात तुमचा चेहरा जसा उजळलेला होता तसा मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही भांडत होतात आणि तुम्हाला मजा येत होती.

आबा, मोरीचं माझ्या मनात फार आधीपासून होतं. भद्रकालीच्या चाळीतल्या बायका पहाटे साडीचा आडोसा धरून एकमेकींना अंघोळ घालताना मी पाहिल्या होत्या. कितीदा वाटलं होतं, आबांना सांगावं. पण ही गोष्ट जवळ जाऊन हळूच सांगण्यासारखी नव्हती, वडिलांना सांगण्यासारखी तर नव्हतीच. ती मात्र आल्याआल्या कांदा चिरता चिरता बोलून मोकळी झाली. तिसऱ्या चाळीत मोऱ्या झाल्या. खोल्या गिलावा वाळायच्या आत भरल्या. तुम्ही जो भेटेल त्याला सांगत सुटलात की ही आमच्या सूनबाईची मोरी. तिच्यासारखं देवळ्याकडचं "शे" म्हणू लागलात, आधी चिडवायला आणि मग सवयीने. पुढच्या खेपेला मी आले तर दारातच तुम्ही विचारलंत, "काय, बरं शे ना?" मी बरं आहे म्हणाले.

मग ते पंचवटीच्या उतारावरचं घर आलं. मालक कायमचा मुंबईला निघाला होता, त्याला विकायची घाई होती. दुमजली, आठ-दहा बिऱ्हाडं बसतील असं, दगडी जोत्याचं. मंदीचे दिवस, रोख पैसा कोणाकडे नव्हता, म्हणून स्वस्तात जात होतं. पण तुमच्यासारख्याला तेही झेपणारं नव्हतं. सराफातल्या शेटजींकडे तिन्ही चाळी एकदम गहाण टाकल्या तरच जमणार होतं. एक घर चुकलं की चारही जाणार. दादा म्हणाला, नको. तुम्ही म्हणालात, आधी बघून तर येऊ.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आले होते. तुम्ही म्हणालात, तू घरी पड. मी म्हणाले, मी येणार. टांगा हळू हाकायला सांगून आपण तिघं गेलो. अंगण झाडून ठेवलेलं, भिंतींना नवा निळा रंग. तुम्ही आत जाऊन कौलांकडे बघत होतात. वहिनी धडाधड जिना चढून वर गेली. मला जिना चढवेना, म्हणून मी घराला वळसा घालून मागे गेले. मागच्या दाराशी पायरी म्हणून एक लांबट काळा दगड टाकला होता. मी त्यावर बसले आणि हाताला खाचा लागल्या. खोल, गुळगुळीत, एकीशेजारी एक. बोट आत बसेल अशा. वर्षानुवर्षं दोर घासून पडतात तशा.

मी बसूनच राहिले. मग उठून आवारभर फिरले. विहीर कुठेही नव्हती.

तुम्ही मागच्या दारात आलात तेव्हा मी जवळ गेले आणि म्हणाले, "आबा, हा दगड विहिरीच्या काठचा आहे. मग विहीर गेली कुठे?"

तुम्ही दगडाकडे पाहिलंत. काहीतरी म्हणणार होतात. तेवढ्यात गोदावरीच्या बाजूच्या वरच्या खिडकीतून तिचा आवाज आला. "मामंजी, इथून गंगा दिसते. देवळं दिसतात सगळी. वर या, बघा तरी." तुम्ही "हो, हो" म्हणालात. ते मला होतं की तिला, आजतागायत मला कळलेलं नाही. तुम्ही वर गेलात. मी खाली उभी. वरून तुमची दोघांची बोलणी ऐकू येत होती, इथे दोन बिऱ्हाडं, तिथे दोन, मोऱ्या मागच्या बाजूला एकाखाली एक. ती म्हणाली, "घ्या मामंजी. असं घर परत भेटणार नही." आणि तुम्ही घेतलंत.

ज्येष्ठात मला मुलगा झाला. आषाढात त्या घराचा मागचा कोपरा बसला. आधी केसासारखी चीर, मग हात जाईल एवढी भेग, मग वरच्या खोलीची तुळई भिंतीतून सुटली. दोनच महिन्यांपूर्वी राहायला आलेली बिऱ्हाडं भांडी-गोधड्या डोक्यावर घेऊन पावसातून निघून गेली. चाचांनी कोपऱ्यात पहार मारून पाहिली, ती सरळ आत गेली. "मुकादमसाब, नीचे जमीन नहीं है," ते म्हणाले. विहीर होती. जुन्या मालकाने राख, कचरा, माती टाकून बुजवली होती, वर घराचा कोपरा वाढवून फरशी घातली होती, आणि मागच्या मोऱ्यांचं पाणी आपण नेमकं तिथेच सोडलं होतं.

भाडं थांबलं. हप्ता कसा थांबणार? शेटजींचा माणूस रोज येऊन ओसरीवर बसू लागला. काही बोलायचा नाही, पाणी मागायचा आणि बसायचा. तुम्ही जेवायचं सोडलंत. मी बाळाला मांडीवर घेऊन तुमच्यासमोर ताट धरून बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, मी सांगितलं होतं."

तुम्ही मान वर केलीत. रागाने बोलला असतात तर परवडलं असतं. तुम्ही थकलेल्या आवाजात म्हणालात, "सांगितलंस. पण कसं सांगितलंस? कानाशी येऊन, विचारल्यासारखं. मला वाटलं तुझीच खात्री नाही. माझा हात धरून, ओरडून का नाही सांगितलंस? तिने सांगितलं असतं."

त्या वेळी मी बाळाला घेऊन आत गेले. आज बोलते. मला जवळ येऊन सांगायला कोणी शिकवलं, आबा? गवंड्यांसमोर ओरडू नये हे कोणी सांगितलं? मी तुमचं ऐकलं. तिने ऐकलं नाही. आणि जी तुमचं ऐकत नव्हती तिचं तुम्ही ऐकलंत. तुम्ही जशी घडवलीत तशी मी होते, आणि तुम्हाला आवडली ती देवळ्याहून आलेली. ही गोष्ट मी इतकी वर्षं मनात फिरवते आहे, मला तिचा कोपरा सापडत नाही.

त्याच दुपारी मी माझ्या पाटल्या काढून तुमच्यापुढे ठेवल्या. तुम्ही त्यांना हात लावला नाहीत. "घाल त्या हातात," म्हणालात. "तुझ्या सासरच्या आहेत. लेकीचं घेऊन घर उभं करायची वेळ आली नाही अजून." दुसऱ्या दिवशी वहिनी दादाला घेऊन मोटारीने देवळ्याला गेली. कांद्याला भाव नव्हता, तिच्या वडिलांचेही हात बांधलेले होते. तिथे काय बोलणी झाली कोण जाणे. तिचे वडील स्वतः तिच्याबरोबर आले, त्यांनी शेटजींकडे जाऊन आपली देवळ्याची जमीन तारण लिहून दिली, आणि हप्त्यांना दिवाळीपर्यंत सवड मिळवली. तिने स्वतःच्या गळ्यातलं, हातातलं काढून चुन्यासाठी, दगडासाठी दिलं. ते तुम्ही घेतलंत. हात पुढे करून घेतलंत, जसं घरचं माणूस घरच्या माणसाकडून घेतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. लोकांना दुसऱ्याला सोनं मिळालं याचा हेवा वाटतो. मला तिचं सोनं गेलं याचा हेवा वाटला.

मग तुम्ही दोघं तो कोपरा उकरायला लागलात. श्रावणभर. वरचा मजला लाकडी टेकूंवर तोलून धरला होता. सगळी सडकी माती बाहेर काढली, तळाशी पाणी लागलं, दगड भरत भरत वर आणले आणि विहिरीच्या तोंडावर चाचांनी दगडी कमान घातली, भिंत त्या कमानीवर घेतली. वहिनी पदर खोचून काठावर उभी असायची आणि तुमच्याशी भांडत असायची. मी एकदाच डबा घेऊन गेले. तुम्ही दोघं चिखलाने माखलेली, एकाच दगडावर बसून भाकरी खाल्लीत. तो खाचांचा दगडही कमानीत गेला, हे मला चाचांनी सांगितलं. तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. कमान झाली, मोऱ्यांचं पाणी दुसरीकडे वळवलं, दिवाळीच्या आत बिऱ्हाडं परत आली. घर आजही उभं आहे. पुढे दोन-तीन वर्षांत शेटजींचं देणं फिटलं आणि गहाणखतं परत आली, तेव्हा तुम्ही पेढे घेऊन सर्वांत आधी देवळ्याला गेलात. सिन्नर वाटेत नाही, हे मला कळतं.

तुम्ही सिन्नरला आलात ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. न कळवता. बरोबर थापी, ओळंबा, दोन शहाबादी फरश्या मोटारीच्या टपावर बांधून आणलेल्या. आमचं घर भाड्याचं, अंधारं, स्वयंपाकघरातलं सांडपाणी बादलीत धरून बाहेर टाकावं लागायचं. तुम्ही टोपी खुंटीला अडकवलीत, सदरा काढलात आणि माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी बांधायला बसलात. मजूर नाही, गवंडी नाही. मी चुना कालवून देत होते. उतार बघायला तुम्ही तांब्याभर पाणी ओतायचात, ते कुठे वळतं ते बघायचात, परत थापी मारायचात. मला म्हणालात, "ओळंबा धर." मी धरला. मला रडू येत होतं आणि हातातला दोर हलू नये म्हणून मी श्वास धरून उभी होते. इतक्या वर्षांनी तुम्ही आणि मी, आणि मध्ये कोणी नाही. बाहेर मुलगा खेळत होता. तुमच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. मी मनात म्हणत होते, आता काही बोलू नका, असंच चालू द्या.

संध्याकाळी हात धुताना तुम्ही म्हणालात, "सूनबाई किती दिवस मागे लागली होती. वन्संच्या घरात मोरी नाही, साऱ्या गावाला बांधून देता, तिला देऊन या म्हणून."

मी तुम्हाला टॉवेल दिला. चहा केला. तुम्हाला मोटारीत बसवून आले आणि त्या मोरीत उभी राहून पाणी ओतत राहिले. उतार फार सुरेख झाला होता, थेंब राहत नव्हता. त्या घरात आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. रोज भांडी घासताना मला वाटायचं, ही माझ्या बापाने स्वतःच्या हाताने बांधली. आणि लगेच पुढचं आठवायचं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी पोचले तोवर उशीर झाला होता. वहिनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी रडत होती. माझ्याच्याने मोठ्याने रडवलं नाही. शेजारच्या बायका तिच्याभोवती बसल्या, तिला पाणी पाजत होत्या, आणि एक म्हातारी, आपल्याकडची नसावी, मला विचारती झाली, "तू कोण गं मयताची?"

माझ्या मनातलं हे सगळं वहिनीला ठाऊक नाही. ती माझ्याशी कधीही वाईट वागली नाही, दर भाऊबीजेला लुगडं पाठवलं, माझ्या मुलाला कॉलेजला असताना वडाळा नाक्याच्या चाळीतली एक खोली बिनभाड्याने दिली. तिच्याबद्दल तक्रार करावी असं तिने काहीच ठेवलं नाही, हेही तिचंच. आता ती माझ्या खाटेवर पडून तुमच्या गोष्टी सांगते आणि मी प्रत्येक गोष्टीत वाट बघते की आता माझं नाव निघेल. मामंजींना तुमची आठवण यायची, असं काहीतरी. दुसरी कोणी असती तर माझं मन राखायला तरी म्हणाली असती. हिला खोटं बोलायची सवयच नाही.

परवा मीच विचारलं. तिच्या पायाला तेल चोळत होते, मान वर न करता विचारलं, "वहिनी, आबा माझ्याविषयी काही बोलायचे का कधी?"

तिने उशीवर मान टेकली. मग म्हणाली, "नही वन्सं. बोलायचे नही." आणि पुढे म्हणाली, "तुमचं पत्र आलं की येतेय म्हणून, तर सकाळीच जाऊन दाढी करून यायचे. एरवी आठ-आठ दिवस तसेच हिंडायचे. मी म्हणायची, मामंजी, अस्वल दिसताय. ऐकायचे नही. पण तुम्ही येणार असलात तर दाढी, धुतलेलं धोतर. मला म्हणायचे, घर झाडून घे, ती बारीक बघते."

मी तेल चोळत राहिले. दोन दिवस हे घेऊन हिंडते आहे. तुम्हाला दाढी वाढलेलं मी लहानपणापासून कधी पाहिलं नाही, हे खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाळंतपणात होते तेव्हासुद्धा, शेटजींचा माणूस ओसरीवर बसायचा तेव्हासुद्धा, तुमची हनुवटी गुळगुळीत होती. ती बारीक बघते. म्हणजे तुम्हाला कळत होतं की मी बघते. हे ऐकून मला सुख व्हायला हवं होतं, आणि झालंही, आबा, थोडं झालं. पण त्याच्या पाठोपाठ मनात आलं की अस्वलासारखे आबा तिच्या वाट्याला आले. खाकरणारे, चिडणारे, दाढी वाढलेले. माझ्यासाठी तुम्ही पाहुण्यासारखे तयार होऊन बसायचात. मी ते अस्वल कधी बघितलंच नाही, आणि ते बघून हिला काय वाटायचं तेही हिला विचारता येत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे, प्रश्नच नाही. पेटीत साड्यांच्या खाली ठेवून देईन. मघाशी, मी लिहीत असतानाच, वहिनी जागी झाली. खाटेवरून म्हणाली, "काय लिहिताय इतकं?" मी म्हटलं, काही नाही. ती कूस न वळवता म्हणाली, "मामंजींले लिहीत असाल तर माझाही नमस्कार लिहा." मी म्हटलं, लिहिते.

वर सगळं परत वाचून पाहिलं. नाही लिहिला मी. आणि लिहिणारही नाही.